भोक अर्ध्या उंचीवर

पद्मडांगा, २१ नोव्हेंबर १९८७

श्रीचरणेषु दादा,

वरचं 'श्रीचरणेषु' हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. त्यावरून इंदू निवळली असा अर्थ काढू नकोस. एकोणीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. बाबांच्या श्राद्धाला आपण एकाच ओसरीवर बसलो होतो आणि तुझ्या बायकोच्या, बौदीच्या तोंडून बोलत होतो. 'तिला म्हणावं तांदळाचं ताट इकडे सरकव', 'त्यांना म्हणावं हात लांब करा'. बिचारी बौदी तीन हात अंतरात दिवसभर टपाल वाहत होती. तसंच चाललं असतं तरी माझं काही अडलं नव्हतं.

काम आहे म्हणून लिहिते. तुझ्या पुस्तकातलं एक उत्तर चूक आहे आणि त्यापायी इथल्या एका मुलीची परीक्षा बुडते आहे. तू दोन ओळींची चिठ्ठी लिहिलीस तर वाचेल. एवढंच मागणं आहे.

मुलगी म्हणजे टगर बसाक. बिष्टू विणकराची तिसरी. दहावीत आहे. टेस्ट परीक्षेत गणितात पासाला चार गुण कमी पडले. टेस्टमध्ये नापास झालेल्या मुलीचा फॉर्म शाळा बोर्डाकडे पाठवत नाही, हे तू पंचवीस वर्षं हेडमास्तर होतास तेव्हा तुला सांगायला नको. फॉर्मची शेवटची तारीख चौदा डिसेंबर. बिष्टूनं सांगून टाकलंय की फॉर्म गेला नाही तर पंधरा तारखेपासून पोरगी घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसेल. तिच्या दोन्ही थोरल्या बहिणी अशाच एकेका वर्षी 'तात्पुरत्या' बसल्या होत्या. त्या अजून उठलेल्या नाहीत.

तुला वाटेल इंदूला कोणी हिरा सापडला. तसं काही नाही. टगरला अवयव पाडता येत नाहीत, भूमितीत ती 'समरूप' आणि 'एकरूप' यांची खिचडी करते, आणि शुद्धलेखन तर विचारूच नकोस. चार गुण कमी पडले ते तिच्या कर्मानं पडले. पण एका उदाहरणाला पाच गुण होते, ते तिनं बरोबर सोडवलं आणि गोष्ठबाबूंनी भोपळा दिला. का, तर तुझ्या पुस्तकाच्या पाठीमागं वेगळं उत्तर आहे. गोष्ठबाबू म्हणजे तुझाच चेला, तुझ्याच जागेवर गणित शिकवतात. पेपर काढायचा म्हणजे तुझं पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवायचं, हीच त्यांची विद्या.

उदाहरण असं. संग्रह सतरा, क्रमांक चौतीस. तुला आठवत नसणार, म्हणून उतरवते.

'एक हौद नळानं आठ तासांत भरतो. हौदाच्या भिंतीला अर्ध्या उंचीवर एक भोक आहे. पाणी भोकाच्या वर असताना त्यातून दर तासाला हौदाच्या चोविसाव्या भागाइतकं पाणी समान वेगानं वाहून जातं. हौद रिकामा असताना नळ सोडला व भोक उघडंच ठेवलं, तर हौद किती तासांत भरेल?'

पुस्तकातलं उत्तर: बारा तास. खरं उत्तर: दहा.

खऱ्या भोकातून पाणी समान वेगानं जात नाही, वर पाणी जास्त तसा जोर जास्त, हे मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते ठाऊक नाही. पण 'समान वेगानं' असं लिहून दिलंय, तेव्हा ते धरून चालू. हौदात चोवीस घागरी मावतात असं समज. नळ तासाला तीन घागरी टाकतो, भोक तासाला एक घागर सोडतं. आता बोट ठेवून वाच.

| तास | नळातून आलं | भोकातून गेलं | तासाअखेर हौदात |
|---|---|---|---|
| १ | ३ | ० | ३ |
| २ | ३ | ० | ६ |
| ३ | ३ | ० | ९ |
| ४ | ३ | ० | १२ (पाणी भोकाशी पोचलं) |
| ५ | ३ | १ | १४ |
| ६ | ३ | १ | १६ |
| ७ | ३ | १ | १८ |
| ८ | ३ | १ | २० |
| ९ | ३ | १ | २२ |
| १० | ३ | १ | २४ (भरला) |

तिसऱ्या रकान्यातली पहिली चार शून्यं पाहिलीस? सगळं गणित त्या चार शून्यांत आहे. पाणी भोकाच्या खाली असताना भोकातून काय जाणार, वारा?

चिठ्ठी गोष्ठबाबूंच्या नावानं लिही. 'क्र. ३४ चं उत्तर दहा वाचावं. अंबुजाक्ष सान्याल.' इतकंच. सही स्वतः कर, तेवढी तरी येत असेल.

इंदुलेखा


पद्मडांगा, २८ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. बहिणीला एकोणीस वर्षांनी उत्तर लिहायचं तर पाकिटात घालून पाठवावं हेही सुचलं नाही. निमाई पोस्टमननं दारात उभं राहून आधी स्वतः वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. 'दीदीमणी, अंबुजबाबूंनी गणित घातलंय,' म्हणाला. त्यालाही ते बरोबर वाटलं. तुझ्या पंक्तीला एक माणूस वाढला, अभिनंदन.

तू लिहितोस: एक अष्टमांश वजा एक चोविसांश बरोबर एक द्वादशांश, म्हणून बारा तास. आणि खाली, 'एकोणीस वर्षांत लाखो विद्यार्थ्यांनी हेच उत्तर काढलं, ते सगळे मूर्ख का?'

हो. पण त्यांना मूर्ख करणारा तू आहेस.

मुलं गणित कशी करतात हे तू कधी वर्गात खाली वाकून पाहिलंस का? आधी पाठीमागचं पान उघडतात. बारा. मग पाटीच्या तळाशी बारा लिहितात आणि वरून खाली यायला सुरुवात करतात. मध्ये कुठं गाठ पडली नाही तर एक पायरी पुसट लिहितात, 'अतएव' घालतात आणि उडी मारतात. आपल्याकडे याला उत्तर जुळवणं म्हणतात आणि ज्याला लवकर जुळवता येतं त्याला हुशार म्हणतात. तू स्वतः असाच मोठा झालास. कार्डावर तू जे केलंस तेही जुळवणंच आहे. 'अर्ध्या उंचीवर' हे दोन शब्द तुझ्या मांडणीत कुठं वापरलेस ते दाखव. नाही ना? मग ते उदाहरणात शोभेला घातले होते का?

तुझ्या बुद्धीला झेपेल असं दुसऱ्या वाटेनं सांगते. भोक जागचं हलवून बघ. भोकाची ताकद तीच, फक्त उंची बदल. भोकाखालचा भाग पूर्ण हौदाला आठ तास या चालीनं भरतो, वरचा भाग बारा तास या चालीनं.

| भोक कुठं | खालचा भाग भरायला | वरचा भाग भरायला | एकूण तास |
|---|---|---|---|
| तळाशी | ० | १२ | १२ |
| पाव उंचीवर | २ | ९ | ११ |
| अर्ध्या उंचीवर | ४ | ६ | १० |
| पाऊण उंचीवर | ६ | ३ | ९ |
| काठावर | ८ | ० | ८ |

तुझ्या रीतीनं भोक तळाशी असो की काठावर, उत्तर बाराच येतं. म्हणजे तुझ्या हौदाला भोक आहे, पण ते कुठं आहे याची हौदाला खबर नाही. तुझं बारा उत्तर खरं आहे, पण ते तळाला भोक पडलेल्या हौदाचं आहे.

गोष्ठबाबूंकडे मी हे दोन्ही तक्ते घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि त्यांना कळलं. हो, कळलं. तुझ्या चेल्याला जे दहा मिनिटांत कळलं ते तुला आठवड्यात कळू नये, यात कोणाची लाज जाते ते तूच ठरव. पण कळूनही म्हणाले, 'दीदीमणी, माझ्याकडे एक्केचाळीस मुलींनी बारा लिहिलंय. दहा बरोबर मानलं तर त्यांचे पाच-पाच गुण कापावे लागतील. नऊ जणी नापास होतील. एकीसाठी नऊ?' मी म्हटलं दोन्ही बरोबर माना. तर म्हणाले, एका गणिताला दोन उत्तरं दिली तर इन्स्पेक्टर मला विचारेल, मी काय दाखवू? अंबुजबाबूंची चिठ्ठी आणा. पुस्तक त्यांचं, छपाईची चूक म्हणून त्यांनी लिहून दिलं तर मी दोन्ही उत्तरांना गुण देतो, कोणी हरकत घेणार नाही.

म्हणजे बघ, कोणाचंही नुकसान नाही. नुसती तुझी चिठ्ठी पाहिजे.

आणि हे उत्तर पोरीनं काढलं कसं तेही ऐक. गोष्ठबाबूंनी तिला वर्गात उभं करून विचारलं, दहा कुठून आणलंस, कोणाची वही पाहिलीस? ती म्हणाली, 'सर, पाणी भोकापर्यंत चढल्याशिवाय सांडेल कसं?' सगळा वर्ग हसला. बिष्टूच्या अंगणात सूत धुवायचा हौद आहे. वरचं मळकं पाणी निघून जावं म्हणून त्याच्या भिंतीत मध्यावर नळी बसवली आहे. हा हौद टगर रोज सकाळी हापशानं भरते. नळीपर्यंत किती बादल्या आणि नळीच्या वर किती वेळ हे तिच्या खांद्याला पाठ आहे. तिनं उदाहरण वाचलं आणि तिला हौद दिसला. तुला वजाबाकी दिसली.

सोळा दिवस उरले आहेत. या खेपेला पाकीट वापर.

इंदुलेखा


पद्मडांगा, ३ डिसेंबर

दादा,

या वेळी पाकीट आलं. आत लांबलचक पत्र, मार्जिन सोडून, हेडमास्तरी अक्षरात. चिठ्ठी मात्र नाही. चार पानं वाचली आणि तुझं म्हणणं एवढंच निघालं: जानेवारीत बोर्ड पुस्तकांची नवी यादी करणार, तुझं पुस्तक त्यात पुन्हा जायचं आहे, अशा वेळी लेखकानंच चूक कबूल केली असा कागद कुठल्या शाळेत फिरला तर प्रतिस्पर्धी डोक्यावर घेऊन नाचतील. आणि शेवटी तो टोला, जो मारायला तुझे हात शिवशिवत होते: 'उत्तरांची पानं तू तयार केली होतीस. चूक असलीच तर तुझी.'

रात्रभर हे पत्र उशीखाली ठेवलं होतं. आता लिहिते. उभा असशील तर खाली बस.

चूक माझी नाही. मी चुकले नाही, दादा. मी ते मुद्दाम केलं.

अडुसष्ट साल आठव. आठशे बावन्न उदाहरणं. तू वर्गातून यायचास, पडवीत आरामखुर्चीत पाय लांब करायचास आणि सांगायचास, 'इंदू, हौदांवर तीसेक कर.' मी तीस करायची. नौकांवर, घड्याळांवर, दूधपाण्यावर, तेल लावलेल्या बांबूवर चढणाऱ्या माकडावर. सोडवलेले नमुने माझे, तक्ते माझे, पाठीमागची उत्तरं माझी. तुझं काय होतं? प्रस्तावना. तू म्हणाला होतास, 'दोघांची नावं टाकू, सान्याल आणि सान्याल, शोभून दिसेल.' मला शोभा नको होती. मला फक्त नाव हवं होतं. ऑनर्सला पहिली येऊन मी गावच्या प्राथमिक शाळेत पाढे घोकून घेत होते, माझं असं दुसरं काही कुठं छापलं जाणार नव्हतं.

मग छापखान्यातून शेवटची प्रुफं आली. तू कलकत्त्याला होतास, म्हणून ती माझ्या हातात पडली. पहिल्या पानावर एकच नाव. प्रस्तावनेत प्रकाशकांचे आभार, बौदीनं वेळेवर चहा दिल्याबद्दल तिचे आभार, आणि 'ज्ञात-अज्ञात सहायकांचे' आभार. त्या अज्ञातांत मी.

मी रडले वगैरे नाही. मी उत्तरांचं पान काढलं, सतरा-चौतीसपाशी आले, दहा खोडलं आणि बारा लिहिलं. हेच उदाहरण निवडलं, कारण त्यात वाचणारा आणि न वाचणारा लगेच वेगळे होतात. घाईत करणाऱ्याला बारा मिळतं आणि तो खूष होतो. मला वाटलं होतं, पुस्तक हातात आल्यावर एकदा तरी तू स्वतः सोडवशील. अडशील. मग कोटाच्या खिशात पुस्तक घालून माझ्या दारात येशील आणि विचारशील, 'इंदू, हे कसं गं?' त्या वेळी मी काय बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तू आला नाहीस. पहिली आवृत्ती गेली, दुसरी गेली. दर आवृत्ती मी विकत आणायची आणि आधी पाठीमागचं पान उघडायची. बारा. खोटं बोलत नाही, मला आनंद व्हायचा. आत गुदगुल्या व्हायच्या. लोक म्हणायचे अंबुजबाबूंचं पुस्तक, आणि मी मनात म्हणायची, अंबुजबाबूंनी आपलं पुस्तक उघडून पाहिलेलं नाही, त्याचा पुरावा छापून घरोघरी गेला आहे. आता एकोणिसावी आवृत्ती माझ्या फडताळात आहे. माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं बारा काढायची, मी बरोबरची खूण करायची. त्यांच्यातल्या कोणी भोकाकडे नीट पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार मी कधी केला नाही. कोणी पाहणारच नाही अशी माझी खात्री होती. तुझ्याबद्दल जितकी तुच्छता होती तितकीच ती त्या मुलांबद्दलही होती, हे आता कळतंय.

सापळा तुझ्यासाठी लावला होता. एकोणीस वर्षांनी त्यात पाय अडकला तो टगरचा, आणि तोही ती नीट पाहून चालली म्हणून.

तेव्हा चूक कबूल करायला तुला लाज वाटत असेल तर करू नकोस. माझ्यावर टाक. 'बहिणीनं द्वेषानं उत्तर बदललं' असं लिहून दे. गावात मला दगड मारले तरी चालतील. फक्त चौदा तारखेच्या आत लिही.

इंदुलेखा


पद्मडांगा, ८ डिसेंबर

दादा,

तुझी वाट न पाहता काल मीच गोष्ठबाबूंकडे गेले. सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. शिक्षकांच्या खोलीत चारचौघं होते, त्यांच्यादेखत सांगितलं. म्हटलं, उत्तर मी केलं, मी बिघडवलं, मी आता दुरुस्त करते, द्या कागद, मी सही करते.

गोष्ठबाबूंनी फडताळातून पुस्तक काढलं, पहिलं पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि अगदी गरिबीनं म्हणाले, 'दीदीमणी, यावर तुमचं नाव कुठं आहे?'

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी आले तर तुझं पत्र. वाचलं. तुझा तोडगा असा की माझ्या कबुलीबद्दल कोणी कधी बोलायचं नाही, उत्तर आहे तसंच राहायचं, आणि टगरनं हेडमास्तरांच्या नावे अर्ज लिहायचा: 'क्रमांक चौतीस सोडवताना माझी चूक झाली, पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे, कृपा करून माझी सहानुभूतीनं दखल घ्यावी.' मग तू फोन करून गोष्ठबाबूंना चार गुण कृपेचे द्यायला लावणार. अर्जाची नक्कल तुझ्याकडे पाठवायची, म्हणजे पुढंमागं कोणी शंका काढली तर दाखवायला तुझ्याजवळ कागद असेल.

धन्य आहे. वर्गात एकटीलाच बरोबर आलं आणि तिच्याकडूनच चूक झाल्याचं लिहून घ्यायचं. हे तुझ्याच डोक्यातून निघू शकतं. बौदीनं हे पत्र वाचलं का? वाचलं नसेल तर तिला दाखव. तिच्या चहाचे आभार मानले होतेस, निदान ती हे वाचून काय म्हणते ते ऐक.

असा अर्ज मी तिला लिहू देणार नाही. पोरगी कांड्या भरेल पण हे लिहिणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

इंदुलेखा


पद्मडांगा, १३ डिसेंबर

दादा,

नक्कल सोबत आहे. अर्ज काल सकाळी दिला. तुझा फोन वेळेवर आला असावा, कारण गोष्ठबाबूंनी वाचायच्या आधीच मान हलवली. टगरचा फॉर्म आज गेला. पाठवल्याची पावती मी स्वतः पाहिली.

तू जिंकलास, हे मी लिहावं अशी तुझी इच्छा असेल. लिहिते. जिंकलास. पण कशानं ते ऐकून घे. तुझ्या पत्रानं काही झालं नाही. परवा दुपारी मी बिष्टूकडे गेले होते, त्याला सांगायला की मी आणखी कोणाकोणाला भेटते, जिल्ह्याला जाते, इन्स्पेक्टरच्या दारात बसते. बिष्टू मागावर होता. तो थांबला नाही. खटखट चालू ठेवून म्हणाला, 'दीदीमणी, तुमचं आणि तुमच्या दादांचं काय ते तुम्ही बघा. माझ्या पोरीचं पंधरा तारखेला काय करायचं तेवढं सांगा.' ओसरीवर तिच्या दोघी बहिणी चरख्यापाशी कांड्या भरत बसल्या होत्या. तिसरा चरखा आणून ठेवला होता. त्याला नवी दोरी लावली होती.

माझं 'जिवात जीव आहे तोवर' तिथं, त्या दोरीकडे बघून संपलं.

तिथंच टगरला समोर बसवलं, फुलस्केप दिला आणि सांगितलं, मी सांगते ते लिही. ती लिहायला लागली. 'सविनय निवेदन' नीट लिहिलं. 'क्रमांक चौतीस' लिहिलं. 'माझी चूक झाली' इथं ती थांबली आणि म्हणाली, 'पण झाली नाही ना?' मी म्हटलं, नाही झाली. 'मग?' मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं. तिच्या अक्षरात 'चूक' हा शब्द एरवीपेक्षा चांगला आलाय, नकलेत बघ.

मी तिला सगळं सांगितलं होतं, दादा. पुस्तक कोणी लिहिलं, दहाचं बारा कोणी केलं, का केलं. वाटलं होतं, कळलं तर तिला कमी लागेल. ती ऐकत होती. एकदाच विचारलं, 'दादांवर राग होता तर दादांच्या तोंडावर का नाही बोललात?' आठशे बावन्न उदाहरणांची उत्तरं मी काढली, हे एक निघेना.

सही करून तिनं कागद माझ्याकडे सरकवला. मी उठले, चपला घातल्या. तर मागून हाक आली.

'दीदीमणी, बोर्डाच्या पेपरात हेच गणित आलं तर काय लिहू?'

येऊ शकतं. पेपर काढणारे कुठून काढतात ते तुला माहीत आहे, आणि तपासणारे कशावरून तपासतात तेही. पाच गुण असतील. तिला अवयव पाडता येत नाहीत. पाच गुण सोडून ती पास होणार नाही.

बहिणींचे चरखे थांबले होते. बिष्टूचा मागही थांबला होता. टगर पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती, माझं उत्तर उतरवून घ्यायला.

मी सांगितलं, बारा लिही.

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. ते पाहणं मी ओळखते, कारण तुझ्याकडे मी तसंच पाहत आले आहे. मग ती वडिलांना म्हणाली की चरखा आतल्या खोलीत ठेवा, माझी अभ्यासाची जागा अडते.

यापुढं पत्र लिहिणार नाही. विसावी आवृत्ती निघाली तर मला पाठवू नकोस.

इंदू